टेक्सासच्या काउंट्यांमधली लॅटिनो मतदानवयीन लोकसंख्या कशी काढायची? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

टेक्सासमध्ये निवडणूक जवळ आली की काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, रंगीत नकाशे फिरू लागतात. मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठच्या काउंट्या गडद, उत्तरेकडच्या फिकट, आणि खाली लिहिलेलं असतं "लॅटिनो मतदार". अशा अनेक नकाशांमागचा आकडा मतदारांचा नसून अठरा वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांचा असतो. कुठल्या काउंटीत या दोन्हींत थोडाच फरक पडतो, तर कुठे चित्रच बदलतं. मतदारसंघ कसे आखायचे, मतपत्रिका कुठल्या भाषेत छापायच्या, नोंदणीच्या मोहिमा कुठे न्यायच्या हे सगळं अशा आकड्यांवर ठरतं, म्हणून ते नीट काढणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मतदारनोंदणीच्या स्वयंसेवी कामासाठी मला हे तक्ते वरचेवर काढावे लागतात. या कामात नव्याने येणारे विद्यार्थी, पत्रकार आणि डेटा ॲनालिटिक्स शिकणारी आपली मराठी मुलं बहुतेक त्याच त्या ठिकाणी अडतात. त्यांच्यासाठी हा क्रम लिहून ठेवतो आहे. उदाहरण टेक्सासचं घेतलंय, पण पद्धत कुठल्याही राज्याला चालेल.

सुरुवातीआधी: चार थर

एकाच काउंटीत माणसं मोजण्याचे चार थर असतात. पहिला एकूण लोकसंख्येचा. दुसरा अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांचा, म्हणजे मतदानवयीन लोकसंख्या. इथे सगळे त्याला व्हीएपी म्हणतात. तिसरा त्यातल्या अमेरिकन नागरिकांचा, तो सीव्हीएपी. चौथा प्रत्यक्ष नोंदणी केलेल्या मतदारांचा.

समजा तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात आणि डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहता. २०२० च्या जनगणनेत तुमची गणती झाली. वय अठराच्या वर, म्हणून तुम्ही व्हीएपीत आहात. नागरिक नाही, म्हणून सीव्हीएपीत नाही. तुमची इथेच जन्मलेली आठ वर्षांची मुलगी नागरिक आहे, पण वयामुळे दोन्हींत नाही. ह्यूस्टनमधल्या एखाद्या होंडुरन किंवा मेक्सिकन कुटुंबाचा हिशेब हाच. टेक्सासची लॅटिनो लोकसंख्या सरासरीने तरुण आहे आणि तिच्यात नागरिक नसलेले प्रौढही बरेच आहेत. त्यामुळे २०२० मध्ये एकूण लोकसंख्येत लॅटिनोंचा वाटा ३९.३ टक्के असला, तरी व्हीएपीत तो त्याहून कमी भरतो आणि सीव्हीएपीत आणखी कमी.

हा फरक न्यायालयातही निर्णायक ठरलेला आहे. २००६ च्या 'लुलॅक विरुद्ध पेरी' खटल्यात (लुलॅक ही लॅटिनोंच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) टेक्सासचा अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा, २३ वा मतदारसंघ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर होता. नव्या आखणीत वेब काउंटी आणि लारेडो शहर दुभंगलं होतं. व्हीएपी बघितली तर लॅटिनो अजूनही निम्म्याहून जरा जास्त होते, पण नागरिकांमधला त्यांचा वाटा ५७.५ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आला होता. तेवढ्या व्हीएपीच्या बहुमताला अर्थ नाही, असं न्यायालयाने मानलं आणि ती आखणी मतदान हक्क कायद्याच्या कलम २ चा भंग ठरवली. व्हीएपीचा तक्ता हातात आला की हा खटला आठवावा.

दुसरी गोष्ट हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ असलेले लोक, यांत कोण येतं याची. २०२० च्या जनगणनेत दोन वेगळे प्रश्न होते: आधी तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का, आणि मग तुमचा वंश कोणता. उत्तर देणारा स्वतःच ठरवतो. हिस्पॅनिक व्यक्ती कुठल्याही वंशाची असू शकते, म्हणून गोरे, काळे, आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार आकडे सरळ बेरजेला घेतले तर माणसं दोनदा मोजली जातात. मूळचे स्पेनचे लोक या व्याख्येत येतात, पोर्तुगीजभाषक ब्राझीलचे सहसा येत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा पुढच्या जनगणनेशी तुलना करताना अधिक सावध राहावं लागेल.

लागणाऱ्या गोष्टी

- एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट. कोड येत असेल तर पायथन किंवा आर
- सेन्सस ब्युरोचा (अमेरिकेची जनगणना करणारी सरकारी संस्था) २०२० चा मतदारसंघ-पुनर्रचनेसाठीचा डेटा, ज्याला सगळे 'पी.एल. ९४-१७१' म्हणतात; त्यातले तक्ते पी-२, पी-४ आणि पी-५
- सेन्सस ब्युरोची सीव्हीएपीची विशेष फाइल, काउंटी पातळीची
- नकाशा करायचा असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ब्युरोच्याच काउंटी सीमांच्या फाइल्स

हा सगळा डेटा फुकट आहे. पैसे देऊन विकत घ्यायची गरज नाही.

१. योग्य तक्ता उतरवा

डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या संकेतस्थळावर जा. भूगोलाच्या फिल्टरमध्ये काउंटी, मग टेक्सास, मग टेक्सासमधल्या सर्व काउंट्या असं निवडा. तक्ता पी-४ शोधा: अठरा वर्षांवरच्या लोकांमधले हिस्पॅनिक आणि हिस्पॅनिक नसलेले, वंशानुसार.

इथे पहिला सापळा आहे. २०२० च्याच जनगणनेचा 'डीएचसी' नावाचा दुसरा डेटासंच आहे आणि त्यातही पी-४ नावाचा तक्ता आहे. तो हिस्पॅनिक मूळ सांगतो, पण सर्व वयांचं. वयाची अट असलेला त्या संचातला तक्ता पी-११ आहे. म्हणून तक्त्याच्या क्रमांकावर विसंबू नका. शीर्षकात "अठरा वर्षे व त्यावरील" हे शब्द आहेत का आणि संचाच्या नावात पी.एल. ९४-१७१ आहे का, दोन्ही बघा.

पडद्यावर काउंट्या स्तंभांत दिसतात. अदलाबदलीचं बटण दाबून त्या ओळींत आणा आणि मग उतरवा. झिप फाइलमध्ये आकड्यांची सीएसव्ही आणि स्तंभांचे अर्थ सांगणारी वेगळी फाइल असते. दुसरी फेकून देऊ नका. पी.एल. ९४-१७१ संचात पी-४ चा पहिला आकडा एकूण प्रौढांचा, दुसरा हिस्पॅनिक प्रौढांचा. आपल्याला बहुतेक वेळा एवढेच दोन स्तंभ लागतात.

कोड लिहिणाऱ्यांनी ब्युरोचा एपीआय वापरावा. टेक्सासचा राज्य-कोड ४८. उत्तरातले आकडे मजकुराच्या रूपात येतात, ते आधी संख्येत बदलून घ्या.

२. साफसफाई, आणि काउंटीची ओळख

सीएसव्हीत वर दोन शीर्षक-ओळी असतात, एक कोडची आणि एक वर्णनाची. दुसरी काढून टाका, नाहीतर सगळा स्तंभ मजकूर समजला जातो.

काउंटीची ओळख नावाने करू नका, फिप्स कोडने करा; प्रत्येक राज्याला आणि काउंटीला दिलेला हा ठराविक क्रमांक असतो. डिविट एका फाइलमध्ये जोडून लिहिलेली असते तर दुसरीत तोडून, लासालचंही तसंच. नावावरून तक्ते जोडले की अशा दोन-चार काउंट्या गुपचूप गळतात. फाइलमधल्या लांबलचक ओळख-क्रमांकाचे शेवटचे पाच अंक म्हणजे राज्य आणि काउंटीचा फिप्स. अँडरसन ४८००१, हॅरिस ४८२०१, स्टार ४८४२७, शेवटची झवाला ४८५०७. टेक्सासचे काउंटी-कोड सगळे विषम आहेत, त्यामुळे सम कोड दिसला तर काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. हा स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवा. टेक्सासला शून्याने सुरुवात होत नाही म्हणून निभावतं, पण कॅलिफोर्नियाचा ०६ एक्सेलने ६ करून टाकला की पुढचं सगळं जोडकाम फसतं.

३. टक्केवारी काढण्याआधी ताळा

ओळी २५४ आहेत का ते मोजा. मग सर्व काउंट्यांची बेरीज राज्याच्या ओळीशी जुळवा. सरावासाठी हे आधी पी-२ वर करा: एकूण लोकसंख्या २,९१,४५,५०५ आणि त्यात हिस्पॅनिक १,१४,४१,७१७ यायला हवेत. आले की तोच ताळा पी-४ वर करा. बेरीज न जुळताच टक्केवारीकडे गेलेल्या फाइल्स मी बऱ्याच पाहिल्यात, आणि चूक बहुतेक वेळा राज्याची ओळ काउंट्यांमध्ये मिसळल्याची निघते.

मग सरळ भागाकार: हिस्पॅनिक प्रौढ भागिले एकूण प्रौढ. छेदात एकूण लोकसंख्या घेऊ नका. अंश प्रौढांचा आणि छेद सगळ्यांचा घेतला तर आकडा उगाच खाली येतो.

निकाल नजरेखालून घाला. स्टार, वेब, मॅव्हरिक, हिदाल्गो या सीमेवरच्या काउंट्या नव्वदीच्या आसपास किंवा वर दिसायला हव्यात. एल पासो बराच वर असेल, सॅन अँटोनिओची बेअर काउंटी निम्म्याच्या वर. स्टार तुम्हाला चाळीस टक्के दिसली तर स्तंभ चुकलाय.

४. नागरिकांचा थर

२०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. तो घालायचा प्रयत्न झाला होता आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं कारण पटण्याजोगं नाही म्हणून तो अडवला. त्यामुळे सीव्हीएपी जनगणनेतून मिळतच नाही. ती अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना-सर्वेक्षणाच्या पाच वर्षांच्या माहितीतून येते. ब्युरो तिची विशेष फाइल काढतं. उदाहरणार्थ २०१९–२०२३ ची.

त्या फाइलमध्ये प्रत्येक काउंटीच्या १३ ओळी असतात. ओळ १ म्हणजे एकूण, ओळ २ हिस्पॅनिक नसलेले सगळे, ३ ते १२ त्यांचे वंशानुसार गट, आणि ओळ १३ हिस्पॅनिक किंवा लॅटिनो. प्रत्येक ओळीत एकूण लोक, प्रौढ, नागरिक आणि प्रौढ नागरिक असे चार अंदाज, आणि प्रत्येकाशेजारी त्याची त्रुटीमर्यादा, म्हणजे अंदाज किती वर-खाली असू शकतो ते. लॅटिनो वाटा काढायला ओळ १३ ची सीव्हीएपी ओळ १ च्या सीव्हीएपीने भागा. ओळ २ ने भागू नका. घाईत हे अनेकदा होतं. तेराही ओळींची बेरीज तर कधीच करू नका, कारण ओळ १ आणि २ मध्ये बाकीच्या आधीच आलेल्या असतात.

फाइल संपूर्ण देशाची असते, म्हणून ज्यांचा फिप्स ४८ ने सुरू होतो तेवढ्याच काउंट्या वेगळ्या काढून घ्या.

एक वर्षाचं सर्वेक्षण जास्त ताजं असतं म्हणून ते घ्यावंसं वाटतं. पण ते ६५,००० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या भागांसाठीच प्रसिद्ध होतं, आणि टेक्सासच्या बहुसंख्य काउंट्या त्याखाली आहेत. सगळ्या २५४ हव्या असतील तर पाच वर्षांच्या माहितीला पर्याय नाही. दोन पाच-वर्षी संचांची तुलना करायची तर वर्षं एकमेकांवर चढणार नाहीत असे निवडा. २०१४–२०१८ आणि २०१९–२०२३ ही जोडी चालते.

वार्षिक लोकसंख्या-अंदाजांच्या मोठ्या काउंटी-फाइलचाही मोह होतो, कारण तिच्यात वय, वंश, मूळ सगळं असतं. पण त्यातले वयोगट पाच-पाच वर्षांचे आहेत आणि अठरा हे वय १५ ते १९ च्या मधोमध पडतं. तो गट अंदाजाने कापून व्हीएपी म्हणून छापू नका.

५. त्रुटीमर्यादा वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक लोक ही पायरी गाळतात.

नमुना-सर्वेक्षणातला आकडा हा अंदाज असतो. शेजारची त्रुटीमर्यादा ९० टक्के विश्वासपातळीची असते. समजा एका छोट्या काउंटीत हिस्पॅनिक सीव्हीएपी १,२०० आणि त्रुटीमर्यादा २४० दिली आहे (आकडे समजावण्यापुरते घेतलेत). २४० ला १.६४५ ने भागलं की प्रमाणित त्रुटी सुमारे १४६ येते. ती १,२०० च्या जवळपास १२ टक्के झाली. हा आकडा वापरता येईल, पण ठासून बोलता येणार नाही. हेच प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवर गेलं तर मी तो आकडा एकट्याने छापत नाही. शेजारच्या काउंट्यांबरोबर एकत्र करतो.

आता टक्केवारीची त्रुटी. त्याच काउंटीची एकूण सीव्हीएपी ३,००० आणि तिची त्रुटीमर्यादा १५० धरा. वाटा ४० टक्के. अंशाच्या त्रुटीमर्यादेचा वर्ग घ्या: ५७,६००. त्यातून वाट्याचा वर्ग (०.१६) गुणिले छेदाच्या त्रुटीमर्यादेचा वर्ग (२२,५००), म्हणजे ३,६०० वजा करा. उरले ५४,०००, वर्गमूळ सुमारे २३२, त्याला ३,००० ने भागलं की साधारण ७.७ टक्के बिंदू. म्हणजे खरा वाटा ३२ ते ४८ यांत कुठेही असू शकतो. वर्गमूळाखालची संख्या ऋण आली तर वजाबाकीऐवजी बेरीज करा, ब्युरोची पद्धत तशीच आहे.

४९ टक्के आणि ५१ टक्के या दोन काउंट्यांना वेगळे रंग देऊन "बहुमत" आणि "अल्पमत" लिहिण्याआधी हा हिशेब करून बघा.

६. तुरुंग, लहान काउंट्या आणि निसटलेली माणसं

जनगणना कैद्यांना तुरुंग जिथे आहे तिथले रहिवासी मानते. टेक्सासमध्ये मोठे तुरुंग ग्रामीण काउंट्यांत आहेत: अँडरसन, हंट्सव्हिलचं वॉकर, बीव्हिलचं बी काउंटी. हे कैदी जवळजवळ सगळे प्रौढ असतात, म्हणून व्हीएपी फुगते. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्याला, पॅरोल आणि प्रोबेशन संपेपर्यंत, टेक्सासमध्ये मत देता येत नाही. ह्यूस्टनचा लॅटिनो तरुण बीव्हिलच्या तुरुंगात असेल तर बी काउंटीच्या लॅटिनो व्हीएपीत तो मोजला जातो आणि तिथे कधीही मत देत नाही. पी-५ तक्त्यात प्रौढ तुरुंगांमधली संख्या वेगळी दिलेली असते. एकूण प्रौढांत तिचा वाटा काढा. तो पाच टक्क्यांवर गेला तर मी त्या काउंटीवर खूण करतो. पी-५ मध्ये हिस्पॅनिक-वार विभागणी नाही, तेव्हा त्यातून कैदी वजा करून "शुद्ध" आकडा काढायच्या फंदात पडू नका. खूण आणि तळटीप पुरते.

दुसरं, २०२० मध्ये ब्युरोने व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी आकड्यांत जाणूनबुजून थोडा गोंगाट, म्हणजे यादृच्छिक फेरफार, मिसळला. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी आहे, त्याखाली मात्र सरमिसळ आहे. हॅरिससारख्या ४७ लाखांच्या काउंटीत ती जाणवतही नाही. लव्हिंग काउंटीत २०२० ला ६४ माणसं होती. तिथल्या हिस्पॅनिक प्रौढांची टक्केवारी दशांशात छापण्यात काही अर्थ नाही.

आणि तिसरं, जे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही: सुटलेली माणसं. ब्युरोच्याच पडताळणी-सर्वेक्षणानुसार २०२० च्या जनगणनेत देशभरात हिस्पॅनिकांची गणती निव्वळ ४.९९ टक्के कमी झाली होती, आणि टेक्सास राज्याची एकूण १.९२ टक्के. म्हणजे तुमच्या हातातला आकडा मुळातच थोडा कमी आहे. कुठल्या काउंटीत किती, हे या सर्वेक्षणातून काढता येत नाही, पण तळटीपेत ही दोन वाक्यं मी नेहमी घालतो. ज्यांची गणतीच झाली नाही त्यांची निदान दखल तरी घेतली जावी.

७. नोंदणीचा थर, जपून

टेक्सासच्या मतदारयादीत वंश किंवा मूळ लिहिलेलं नसतं. टेक्सास लेजिस्लेटिव्ह कौन्सिल यादीतली आडनावं सेन्सस ब्युरोच्या स्पॅनिश आडनावांच्या यादीशी ताडून स्पॅनिश आडनावाच्या नोंदणीचं प्रमाण देते. उपयोगी माहिती आहे, पण ती आडनावांची आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या लॅटिनो स्त्रिया निसटतात, आणि फिलिपिनो सान्तोस किंवा क्रूझ आत येऊ शकतात. वसई-गोव्याकडच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज आडनावं आठवली तर आडनावावरून मूळ ओळखण्यातली जोखीम मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. हा स्तंभ व्हीएपी-सीव्हीएपीच्या शेजारी ठेवा, पण वेगळ्या शीर्षकाखाली.

८. नकाशा आणि खालची ओळ

टक्केवारीचा नकाशा क्षेत्रफळाने फसवतो. ब्रूस्टर ही टेक्सासची आकाराने सर्वांत मोठी काउंटी, पण २०२० ची लोकसंख्या ९,५४६. स्टार गडद दिसते, तिथले एकूण रहिवासी ६५,९२०. हॅरिस मधल्या रंगात हरवते, आणि तिथे हिस्पॅनिक रहिवासी सुमारे २० लाख, म्हणजे स्टारच्या तीसपट. म्हणून मी टक्केवारीच्या नकाशाशेजारी संख्येच्या वर्तुळांचा दुसरा नकाशा ठेवतोच. व्हीएपी आणि सीव्हीएपीचे नकाशे शेजारी लावायचे असतील तर दोन्हींत रंगांच्या पायऱ्या एकच ठेवा. सॉफ्टवेअरला आपोआप पायऱ्या पाडू दिल्या तर दोन्ही नकाशे सारखेच दिसतात आणि मधली घट लपून जाते.

हेच काम दुसऱ्या राज्यासाठी करणाऱ्यांनी आधी सीमा तपासाव्यात. कनेटिकटच्या काउंट्यांच्या जागी ब्युरोच्या २०२२ नंतरच्या आकडेवारीत नियोजन-विभाग आलेत, व्हर्जिनियात स्वतंत्र शहरं काउंटीबाहेर मोजली जातात, आणि लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश असतात.

नकाशाखाली काय लिहायचं याचा मी वापरतो तो नमुना असा. हवा तसा बदलून घ्या:

"टेक्सासच्या २५४ काउंट्यांमधला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो वाटा. डावीकडे: अठरा वर्षांवरचे सर्व रहिवासी, नागरिक असोत वा नसोत, २०२० जनगणना, तक्ता पी-४. उजवीकडे: अठरा वर्षांवरचे नागरिक, २०१९–२०२३ सर्वेक्षणावर आधारित अंदाज; ठिपके असलेल्या काउंट्यांत त्रुटीमर्यादा मोठी. तारा असलेल्या काउंट्यांत प्रौढांमध्ये कैद्यांचा वाटा पाच टक्क्यांहून जास्त. दोन्ही नकाशे नोंदणीकृत मतदार दाखवत नाहीत."